आकाशात इंजिन बंद पडले तर...?

(द्वितीय वर्ष, कला)

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७८७ विमान उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटातच कोसळले आणि विमानातील २४२ जणांपैकी २४१ जण मृत्युमुखी पडले. तेव्हापासून एस. टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावरही एक वाक्य ऐकू येते, “इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते. मग वैमानिक तरी काय करणार?”

हे वाक्य खरे नाही. इंजिन बंद पडल्यावर वैमानिकाने करायचे असे पुष्कळ असते, आणि ते ठरलेल्या क्रमाने करायचे असते. मी अजून विमानात बसलेली नाही आणि माझा विषयही यंत्रशास्त्र नसून मानसशास्त्र आहे. परंतु या अपघातांविषयी वाचू लागले तेव्हा असे दिसून आले की, इंजिनाचा हा प्रश्न सुरू होतो यंत्रात, पण त्याचा शेवट बरेचदा माणसाच्या स्वभावात होतो. म्हणूनच तो कलाशाखेच्या वाचकांपुढे मांडावासा वाटला.

विमान कशावर तरंगते?

प्रथम मूळ गैरसमज दूर करू. विमानाला हवेत धरून ठेवतात ते त्याचे पंख. इंजिनाचे काम विमान पुढे ढकलण्याचे. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली की विमान तरंगते. आपल्या शेतावर घिरट्या घालणारी घार पंख न हलवता किती वेळ हवेत राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिला वर चढणारी उष्ण हवा मिळते, विमानाला ती पुरत नाही; म्हणून इंजिन थांबले की विमानाला नाक थोडे खाली करून उंची खर्ची घालावी लागते आणि त्या बदल्यात वेग टिकवावा लागतो. घाटाच्या उतारावरची गाडी इंजिनाच्या जोराशिवायही पळते, तसाच हा प्रकार. मोठे प्रवासी विमान एक किलोमीटर उंची गमावताना साधारण पंधरा किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर कापते. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर सर्व इंजिने थांबली तरी दीडशे किलोमीटरच्या टापूतील विमानतळ गाठण्याची आशा असते. आणखी एक गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. प्रत्येक नेहमीच्या प्रवासात विमान खाली उतरू लागते, तेव्हा बराच वेळ इंजिने अगदी मंद ठेवलेली असतात. प्रवासी खिडकीतून शहराचे दिवे पाहत असतात आणि विमान बहुतांशी घरंगळतच खाली येत असते.

याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. लंडनहून मुंबईमार्गे न्यूझीलंडला जाणारे ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ विमान २४ जून १९८२ च्या रात्री इंडोनेशियावरून ३७,००० फुटांवरून चालले होते. गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात ते शिरले आणि दोन मिनिटांच्या आत चारही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत खाली आणले, पुन्हा पुन्हा इंजिने सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि सुमारे तेरा हजार फुटांवर राखेबाहेर आल्यावर त्यांना यश आले. विमान जकार्ताला उतरले. २६३ जणांपैकी एकही दगावला नाही. दुसरे उदाहरण २४ ऑगस्ट २००१ चे. टोरांटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए-३३० विमानातील इंधन गळतीमुळे संपले आणि अटलांटिक महासागरावर दोन्ही इंजिने थांबली. ते विमान इंजिनाविना सुमारे १२० किलोमीटर तरंगत गेले आणि अझोर्स बेटांवरील लाजेसच्या धावपट्टीवर उतरले. त्यातील ३०६ जण वाचले.

यावरून ध्यानात येईल की उंची ही वैमानिकाच्या गाठीची शिल्लक असते. जितकी शिल्लक जास्त, तितका विचाराला अवधी जास्त. अहमदाबादला ही शिल्लक जेमतेम काही शे फुटांची होती. तेथे अवधीच नव्हता, आणि म्हणूनच त्या एका अपघातावरून सर्व प्रसंगांचा निवाडा करणे बरोबर नाही.

एकच इंजिन बंद पडते तेव्हा

सर्व इंजिने एकदम बंद पडणे फारच दुर्मीळ. त्या मानाने एखादे इंजिन बंद पडण्याचा प्रसंग अधिक येतो. आज बहुतेक प्रवासी विमानांना दोन इंजिने असतात आणि त्यांची रचनाच अशी असते की, सर्वांत अडचणीच्या क्षणी एक बंद पडले तरी उरलेल्या एकावर विमान वर चढू शकेल.

हा सर्वांत अडचणीचा क्षण म्हणजे धावपट्टीवरून उड्डाण घेण्याचा. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाचे वजन, हवेचे तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी पाहून एक वेग ठरवतात. त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. आपण त्याला ‘निर्णयाचा वेग’ म्हणू. त्या वेगाच्या आत बिघाड झाला तर ब्रेक लावून थांबायचे. तो वेग ओलांडल्यानंतर इंजिन गेले तर थांबायचे नाही, उडायचेच; कारण आता थांबायला पुरेशी धावपट्टी उरलेली नसते. पुष्कळ विमान कंपन्यांत हा वेग येताच कप्तान इंजिनाच्या दांड्यांवरून आपला हात काढून घेतो, म्हणजे घाबरून ते मागे ओढण्याचा मोह होऊ नये. मनाच्या दुबळेपणावर आधीच तोडगा काढून ठेवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

समजा, अशा वेळी डावे इंजिन बंद पडले. उजवे अजून जोराने ढकलते आहे, त्यामुळे विमानाचे नाक डावीकडे वळू पाहते. ते सरळ ठेवण्यासाठी वैमानिक उजव्या पायाने उजवे पेडल दाबतो. त्याचा डावा पाय मोकळा राहतो. यावरून वैमानिकांना एक खूण शिकवतात : जो पाय मोकळा, त्या बाजूचे इंजिन मेलेले. विमान वर चढू लागले की चाके आत घ्यायची, वेग सांभाळायचा, आणि निदान ४०० फूट उंची गाठेपर्यंत बिघडलेल्या इंजिनाला हात लावायचा नाही. घंटी वाजत असली, तांबडा दिवा लागलेला असला, तरीसुद्धा नाही.

ऐन आकाशात, पस्तीस हजार फुटांवर एक इंजिन गेले तर घाई आणखी कमी. एका इंजिनावर तेवढी उंची टिकत नाही. म्हणून उरलेल्या इंजिनाची शक्ती वाढवून विमान हळूहळू खालच्या, त्याला पेलेल अशा उंचीवर आणतात आणि जवळचा सोयीचा विमानतळ धरतात. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून साठ मिनिटांपेक्षा दूर जाण्यास सामान्यतः मनाई असे. इंजिने भरवशाची झाली तशी ही मर्यादा १९८५ साली १२० मिनिटांवर गेली आणि पुढे आणखी वाढली. आज दोन इंजिनांची विमाने महासागर ओलांडतात ती एका इंजिनावर तासन्‌तास उडण्याची तयारी ठेवूनच.

आधी काय, मग काय

या साऱ्या शिक्षणाचे सार तीन पायऱ्यांत सांगतात. आधी विमान उडवा, मग मार्ग ठरवा, मग बोला. दोन वैमानिकांपैकी एकाने फक्त विमान सांभाळायचे. बिघाडाकडे दुसऱ्याने पाहायचे. नियंत्रण कक्षाला ‘मेडे, मेडे, मेडे’ असा संकटाचा पुकारा करायचा तोही विमान ताब्यात आल्यावर. जमिनीवरचा माणूस विमान उडवू शकत नाही; तेव्हा त्याला पहिला मान नाही.

त्यानंतर येते ते सर्वांत महत्त्वाचे काम : नेमके कोणते इंजिन बिघडले ते ओळखणे आणि ते बंद करणे. येथे एक साधी पण कडक शिस्त पाळतात. एक वैमानिक त्या इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवतो, पण तो ओढत नाही. मोठ्याने विचारतो, “डाव्या इंजिनाचा दांडा?” दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी दांडा आणि काटे पाहतो आणि बरोबर असेल तरच “होय” म्हणतो. मग दांडा मागे. पुढे इंधनाची कळ आणि आग असेल तर आगीची मूठ. तेथेही पुन्हा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. बाहेरच्या माणसाला हे पोरखेळासारखे वाटेल. वर्षानुवर्षे विमाने उडवणाऱ्या माणसांना डावे-उजवे कळत नाही काय? कळते. पण घाबरलेल्या मनाला जे आधीच वाटत असते, तेच डोळ्यांना दिसते. या शिस्तीचे मोल काय, हे पुढील दोन घटनांवरून कळेल.

केगवर्थ, १९८९

८ जानेवारी १९८९ च्या संध्याकाळी ब्रिटिश मिडलँड कंपनीचे बोईंग ७३७-४०० विमान लंडनहून बेलफास्टला निघाले. विमानात १२६ माणसे होती. २८,००० फुटांच्या वर चढत असताना डाव्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते तुटले. विमान हादरू लागले आणि वैमानिकांच्या कक्षात धुराचा वास आला. कोणते इंजिन, या प्रश्नाला सहवैमानिकाने अडखळत उत्तर दिले, उजवे. कप्तानालाही ते पटले. कारण त्याच्या माहितीच्या जुन्या ७३७ विमानांत कक्षातील हवा प्रामुख्याने उजव्या इंजिनाकडून येत असे, तेव्हा धूर म्हणजे उजवे इंजिन असा त्याने हिशोब केला. या नव्या विमानात ती रचना बदललेली होती. आणि या नव्या प्रकाराच्या विमानाचे कृत्रिम कक्षातील शिक्षण त्या दोघांना मिळालेले नव्हते.

त्यांनी उजवे, म्हणजे चांगले इंजिन मंद केले. नेमका त्याच वेळी डाव्याचा हादराही कमी झाला, धुराचा वास ओसरला, आणि आपण बरोबरच केले असे दोघांना वाटले. उजवे इंजिन बंद करण्यात आले. चूक करणाऱ्याला नियतीने अशी पाठीवर थाप द्यावी, याहून मोठा घात नाही. हादऱ्याचा काटा डाव्याकडे बोट दाखवत होता. पण तो काटा लहान होता आणि जुन्या विमानांतील तसे काटे भरवशाचे नसल्याने त्याकडे पाहण्याची सवय राहिलेली नव्हती. घडले ते पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासून पाहण्यास कप्तानाने सुरुवातही केली होती. तेवढ्यात रेडिओवर निरोप आला आणि ते राहून गेले.

ईस्ट मिडलँड्स विमानतळ समोर दिसत असताना अखेरच्या टप्प्यात डाव्या इंजिनाची शक्ती वाढवली, आणि ते कोलमडले. केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या अलीकडे, मोटाररस्त्याच्या बांधावर विमान आदळले. ४७ माणसे मेली.

मला मात्र या घटनेतील दुसरीच एक गोष्ट राहून राहून आठवते. कप्तानाने प्रवाशांना ध्वनिवर्धकावरून सांगितले होते की, उजव्या इंजिनात बिघाड झाला होता आणि ते बंद केले आहे. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या. मागच्या बाजूच्या काही कर्मचाऱ्यांनीही त्या खुणा पाहिल्या होत्या. डोळ्यांना दिसले डावे, कानांनी ऐकले उजवे. कोणीही पुढे जाऊन वैमानिकांना विचारले नाही.

तैपेई, २०१५

दुसरी घटना ४ फेब्रुवारी २०१५ ची. तैवानमध्ये तैपेईच्या विमानतळावरून ट्रान्सएशिया कंपनीचे ए. टी. आर. ७२ विमान उडाले. वर चढत असताना उजव्या इंजिनाचा जोर गेला. विमान डाव्या इंजिनावर सुखरूप परत फिरू शकले असते. परंतु विमान हाकणाऱ्या कप्तानाने काही सेकंदांतच आपण डाव्याचा दांडा मागे घेत आहोत असे सांगितले. शेजारचा वैमानिक म्हणाला, जरा थांबा, ताडून पाहू. नियमाप्रमाणे हवे होते ते हेच शब्द. पण हात आधीच चालला होता आणि थांबा म्हणणाऱ्याकडे लक्ष गेले नाही. पुढे चांगले इंजिन बंदच करण्यात आले. बिघाडापासून दोन मिनिटांत विमान एका पुलाला घासून कीलुंग नदीत पडले. ५८ पैकी ४३ जण मेले.

एकीकडे बोलायला हवे होते ते बोलले नाहीत. दुसरीकडे बोललेले ऐकले गेले नाही. दोन्हींचे फळ एकच.

प्रश्न विचारण्याचे शिक्षण

विमानशास्त्राला हा धडा एका आणखी जुन्या अपघाताने शिकवायला सुरुवात केली होती. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे डी. सी. ८ विमान चाकांतील बिघाडाचा विचार करत सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आल्याची जाणीव हाताखालच्या दोघांना होती. पण ती त्यांनी कप्तानाला ठासून सांगितली नाही. एकेक करत चारही इंजिने थांबली. १८९ जणांपैकी दहा मृत्यू पावले. पुढील वर्षी नासा संस्थेने या प्रश्नावर परिषद भरवली आणि १९८१ साली युनायटेड कंपनीने वैमानिकांसाठी एक नवे शिक्षण सुरू केले. त्यात इंजिनाचा अभ्यास नव्हता. वरिष्ठाने कसे विचारावे, कनिष्ठाने कसे सांगावे आणि ऐकले नाही तर पुन्हा स्पष्ट शब्दांत कसे सांगावे, याचा होता. त्यालाच पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे नाव रूढ झाले. केगवर्थनंतर त्यात विमानातील सेवकवर्गालाही सामील करून घ्यावे असा आग्रह वाढला.

याचे फळ १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. हंसांचा थवा आदळून यू. एस. एअरवेजच्या एअरबस ए-३२० विमानाची दोन्ही इंजिने तीन हजार फुटांहून कमी उंचीवर निकामी झाली. कप्तान चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हाती घेतले. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी इंजिने पुन्हा सुरू करण्याची यादी हाती घेतली. कोणी कोणाच्या कामात हात घातला नाही. विमान हडसन नदीत उतरण्यास काही सेकंद उरले असताना त्या अनुभवी कप्तानाने सहवैमानिकाला विचारले की, तुम्हाला आणखी काही सुचते आहे का? सहवैमानिकाचे उत्तर नकारार्थी होते. तरीही तो प्रश्न मला मोलाचा वाटतो. ज्याला सर्वांत जास्त कळते, त्याने ऐन संकटात शेजाऱ्याला विचारले. सर्वच्या सर्व १५५ जण वाचले.

हे वाचताना माझ्या मनात आपल्या घरांचा आणि आपल्या वर्गांचा विचार आल्याशिवाय राहिला नाही. मी आमच्या घरातील कॉलेजात आलेली पहिलीच. आमच्याकडे ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे अक्षरओळखीच्याही आधी शिकवतात. त्यात प्रेम आहे, मर्यादाही आहे, आणि ती मला टाकून द्यायची नाही. पण आदर म्हणजे मौन असे समीकरण मनात एकदा बसले, की पुढे माणूस दवाखान्यात, कचेरीत, कारखान्यात कोठेही गेला तरी तो डोळ्यांनी पाहिलेले खोटे मानतो आणि वरून ऐकलेले खरे मानतो. केगवर्थच्या विमानातील माणसे काही अडाणी नव्हती. त्यांनी एवढेच मानले की, ज्याच्या हाती विमान आहे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

वैमानिकांच्या शिस्तीत मला आवडते ते हे की, तेथे “एकदा पाहून घेऊ या” म्हणणे हा उद्धटपणा मानत नाहीत. तो दुसऱ्या आसनावरच्या माणसाच्या नेमून दिलेल्या कामाचा भाग असतो आणि त्याचा “होय” मिळाल्याशिवाय कप्तानानेही दांडा ओढायचा नसतो. कनिष्ठाच्या धैर्यावर सारा भार न टाकता, वरिष्ठावर थांबण्याचे बंधन घातलेले आहे. आपल्या गुरुजनांनी तास संपताना “कोणाला काही वेगळे दिसते आहे का?” असे विचारून क्षणभर खरोखर थांबावे, एवढीच त्यावरून सुचलेली माझी नम्र विनंती.

केगवर्थला पाते तुटल्यापासून विमान आदळेपर्यंत सुमारे एकोणीस मिनिटे होती. चांगले असलेले उजवे इंजिन तोपर्यंत पुन्हा सुरू करता आले असते. “साहेब, आग डावीकडे दिसते आहे,” हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात.